बायबलचा समास आणि मालवणचा किनारा

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर बायबल दोन वाटांनी आले. एक वाट दक्षिणेची. तेरेखोल नदीपलीकडच्या गोव्यातून कॅथलिक कुटुंबे सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या भागांत येऊन वसली. त्यांच्यामागून इगर्जी आल्या, पाद्री आले, आणि येशूची कथा आली. दुसरी वाट उत्तरेची. मुंबईच्या छापखान्यांतली मराठी शुभवर्तमाने आणि कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची माणसे घाट उतरून वेंगुर्ल्याला पोचली. मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय तिथलेच. अशाच एका मिशनरी डॉक्टरच्या घरी १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि अमेरिकेचे भारतातले राजदूत झाले.

ग्रंथ एकच, पण दोन्ही वाटांवर त्याच्या पानाचा नियम उलटा होता. कॅथलिक चर्च म्हणे, लोकभाषेतले बायबल टिपांशिवाय छापायचे नाही. बायबल सोसायटी म्हणे, टीप जोडून छापायचे नाही. पानाच्या तळाशी चार बारीक ओळी असाव्यात की नसाव्यात, एवढ्यावरून ख्रिस्ती जगाचे दोन मोठे भाग दीर्घकाळ एकमेकांकडे संशयाने पाहत होते. मराठी वाचकाच्या हाती बायबल कसे पडले आणि त्यातले त्याला किती कळले, हे समजून घ्यायचे तर या भांडणापाशी थोडे थांबावे लागते.

भांडणाचे मूळ इंग्लंडात आहे. १५६० साली जिनिव्हात छापलेले इंग्रजी बायबल समासातल्या टिपांनी गच्च भरलेले होते, आणि त्या टिपा नुसत्या अर्थ सांगणाऱ्या नव्हत्या. निर्गमच्या पहिल्या अध्यायात इब्री सुइणी फारोचा हुकूम मोडून मुलगे जिवंत ठेवतात. तिथल्या टिपेने सुइणींची ही अवज्ञा योग्य ठरवली. आसा राजाने मूर्तिपूजक आईला राजमातेच्या पदावरून काढले, तर टीपकाराने म्हटले की एवढ्यावर थांबायला नको होते, तिला ठारच करायला हवे होते. राजा पहिला जेम्स याला हे सहन होणे शक्य नव्हते. त्याची स्वतःची आई मेरी शिरच्छेदाने मेली होती. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत त्याने या टिपांना राजद्रोही ठरवले. त्याच्या आज्ञेने सुरू झालेले आणि १६११ साली निघालेले भाषांतर भाष्याशिवाय निघाले. समासात राहिले ते दोनच प्रकार: हिब्रू-ग्रीक शब्दांचा खुलासा, आणि एका वचनावरून दुसऱ्या वचनाकडे नेणारे संदर्भ.

दोनशे वर्षांनी, १८०४ साली लंडनमध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशी एरवी एका ताटात न जेवणारी मंडळी एका छपराखाली आली. ती टिकली एकाच अटीवर: सोसायटीचे बायबल टीप वा भाष्य न जोडता निघेल. टीप आली की बाप्तिस्मा पाण्यात बुडवून की शिंपडून, असे प्रश्न आले आणि संस्था फुटली. हे भय खोटे नव्हते. बंगाली भाषांतरात बॅप्टिस्टांनी ‘बुडवणे’ असाच शब्द घातला, सोसायटीने हात आखडता घेतला, आणि १८४० साली बॅप्टिस्टांनी आपली वेगळी भाषांतर संस्था काढली. तळाच्या एका ओळीत दोन्ही अर्थ दिले असते तर कदाचित एवढे घडते ना. पण ती ओळ लिहायलाच बंदी होती.

मुंबईत या सोसायटीची शाखा १८१३ साली निघाली. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल मुंबईला उतरला. त्याआधी बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये मराठीत छापला होता. १८१८ साली त्याच छापखान्यातून कोकणी नवा करारही निघाला. पण बंगालात बसून केलेली ती मराठी मुंबई-कोकणच्या कानाला परकी वाटे. हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी भाषांतर नव्याने केले. ते १८२६ साली छापून झाले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नाशिक भागातल्या प्रवासात हॉल पटकीने गेला. ही सगळी माणसे झिजून काम करणारी होती. पण त्यांनी मराठी वाचकाच्या हाती ठेवलेला ग्रंथ उघडा होता. ना टीका, ना टीप.

आणि मराठी वाचकाला तशी सवयच नव्हती.

या भाषेत धर्मग्रंथ वाचायचा म्हणजे टीकेसह वाचायचा. मराठीतला सर्वांत लाडका ग्रंथ, १२९० सालची ज्ञानेश्वरी, मुळात गीतेवरची टीकाच आहे. जुन्या पोथ्यांत त्रिपाठ नावाची एक रचनाच असे: मधल्या पट्ट्यात मूळ श्लोक ठसठशीत अक्षरांत, वर आणि खाली बारीक अक्षरांत टीका. वाचणाऱ्याची नजर मधून वर, वरून मधे, मधून खाली अशी फिरत राही. १५८४ साली एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ ठरवला. एका प्रतीत एक शब्द, दुसरीत दुसरा, यांतला खरा कोणता, हा प्रश्न महाराष्ट्राला बायबल येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. घरोघर पुराणिक पोथी सांगत तेव्हाही ओवी वाचून ते गप्प बसत नसत. तिचा अर्थ लावत, दुसऱ्या पुराणातला दाखला देत, कुणाच्या शंकेला उत्तर देत. अशा समाजात नुसते मूळ वचन छापून वाटायचे आणि अर्थ आपोआप उमटेल म्हणायचे, हा प्रयोग धाडसाचा होता.

हे सर्वांत आधी ओळखले ते एका इंग्रजाने, आणि तेही मालवणपासून फार दूर नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षे तिथेच राहून १६१९ साली वारला. रोमने त्या काळात लोकभाषेतल्या बायबलवर कडक बंधने घातली होती, त्यामुळे भाषांतराचा मार्ग त्याच्यासाठी जवळपास बंद होता. त्याने पुराण लिहिले. १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलेले ‘क्रिस्तपुराण’ दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताची. भाषा मराठी, तिला कोकणीची झाक. मालवणी घरात वाढलेल्या माणसाने ते आज मोठ्याने वाचले तरी कितीतरी रूपे त्याला ओळखीची वाटतात.

स्टीफन्सने टिपांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने त्या कथेतच पेरल्या. पाद्री कथा सांगत असतो, श्रोत्यांतला एखादा ब्राह्मण मध्येच शंका काढतो, आणि पाद्री ती फेडून पुढे जातो. छापील पानावर जी गोष्ट तळाला बारीक अक्षरांत आली असती ती इथे माणसाच्या तोंडून येते. पुराणिकाच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला ही पद्धत घरची होती. म्हणूनच हे पुराण टिकले, असे म्हणायला हरकत नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही; हाताने उतरून घेतलेल्या प्रती मात्र कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत राहिल्या. त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात नवी आवृत्ती काढली तेव्हा तिला चरित्र, प्रस्तावना, कथासार आणि शब्दकोश जोडावा लागला. जो ग्रंथ स्वतः टीका म्हणून जन्मला, त्यालाच तीनशे वर्षांनी टिपा लागल्या.

प्रॉटेस्टंट बाजूला ही उणीव भरून काढली बाबा पदमनजींनी. १८३१ साली बेळगावात जन्मलेला, १८५४ साली तिथेच बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस मराठी वाचकाला ‘यमुनापर्यटन’मुळे आठवतो. पण त्यांच्या शंभरावर पुस्तकांत नव्या करारावरची मराठी टीकाही आहे, आणि ती त्यांच्या कादंबरीइतकीच मोलाची मानायला हवी. बायबल सोसायटी मूळ ग्रंथ उघडा छापणार, मग टीका वेगळ्या पुस्तकात छापा, असा हा रस्ता होता. पैसे असलेल्याने दोन्ही घ्यावीत, नसलेल्याने उघड्या पानावर डोळे फोडावेत.

उघडे पानही कधी कधी पुरेसे ठरते, हे इथे सांगितले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक यांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला, डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि त्यांना तो खाली ठेववेना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण टिळक संस्कृतात मुरलेले कवी होते. ग्रंथाशी झुंजायची तालीम त्यांना आधीच झालेली होती. ती प्रत्येकाला नसते.

टीप आणि संदर्भ या दोन गोष्टी एकत्र बोलल्या जातात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. टीप सांगते. संदर्भ दाखवतो. टीप म्हणते, याचा अर्थ असा. संदर्भ म्हणतो, तिकडे जाऊन पाहा, आणि बाजूला होतो.

संदर्भाची कल्पना फार जुनी. चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियसने चारही शुभवर्तमानांचे लहान लहान तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिले (मत्तयाचेच ३५५ झाले) आणि दहा तक्ते तयार केले. कोणता प्रसंग चौघांनी सांगितला, कोणता तिघांनी, कोणता एकट्यानेच, हे त्या तक्त्यांवरून कळे. तेव्हा अध्यायही नव्हते, वचनांचे आकडेही नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले. त्याच शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली बायबलची पहिली मोठी शब्दसूची तयार झाली. वचनांचे आकडे नसल्याने प्रत्येक अध्यायाचे ए ते जी असे सात भाग कल्पून त्यांनी जागा दाखवल्या. वचनांना आकडे मिळाले ते थेट १५५१ साली, रोबेर एतिएन या छापखानेवाल्याच्या ग्रीक नव्या करारात.

या आकड्यांनी वाचकाची मोठी सोय झाली, आणि एक नुकसानही झाले. वचन सुटे झाले. आगापिछा तोडून एक ओळ उचलायची आणि कुणाच्याही अंगावर फेकायची, हे सोपे झाले. यावर उतारा तोच: समासातला संदर्भ. सुटे केलेले वचन तो परत त्याच्या भावंडांत नेऊन बसवतो.

मालवणच्या वाचकासाठी हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा दिली आहे. जाळे पाण्यात टाकले, त्यात सर्व जातींचे मासे आले, ते भरल्यावर किनाऱ्यावर ओढले, मग बसून चांगले मासे भांड्यांत भरले आणि वाईट फेकून दिले. मालवण, तारकर्ली, देवबागच्या वाळूवर ज्याने रापण पाहिली आहे त्याला यात काही समजावून सांगायची गरज नाही. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर धरायचे, होडीने पाण्यात अर्धवर्तुळ मारून दुसरे टोक आणायचे, मग दोन्ही दोरांवर माणसे लावून ओढायचे. वाळूवर मासळी पसरते आणि निवड सुरू होते: बांगडा इकडे, तारली तिकडे, नको ते बाजूला. पुण्या-नागपूरच्या वाचकाला इथे टीप हवी. मालवणच्या वाचकाला नको.

पण ‘वाईट’ मासे म्हणजे कोणते? मालवणीत वाईट म्हणजे कुजका किंवा काट्याकुट्याचा. इथे संदर्भ वाचकाचा हात धरून लेवीयच्या अकराव्या अध्यायात नेतो. पाण्यातल्या ज्या प्राण्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच खावा. बाकी सगळे निषिद्ध. म्हणजे गालीलच्या सरोवरातला बिनखवल्याचा मांगूरजातीचा मासा ताजा फडफडीत असला तरी यहुदी कोळ्याने तो टाकून द्यायचा. आता हाच नियम मालवणच्या बाजारात लावून पाहावा. मोरी बाद. शिंगाळा बाद. पाकट बाद. कोळंबी, कुर्ल्या, कालवे, तिसऱ्या सगळे बाद. मोरीचे मटण जिथे पाहुण्याला मानाने वाढतात तिथला माणूस हे वाचून दचकल्याशिवाय राहणार नाही, आणि तसे दचकणे वाचनात फार कामाचे असते. जाळ्याच्या गोष्टीतली निवड चवीची वा ताजेपणाची नाही, शुद्ध-अशुद्धाची आहे, हे त्याला आता कळते.

संदर्भ इथेच थांबत नाही. लेवीय ११ वरून तो प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतो. पेत्र, जो स्वतः कोळी, यापो बंदरात एका कातडे कमावणाऱ्याच्या घराच्या गच्चीवर प्रार्थनेला बसला आहे. त्याला भूक लागते, आणि दृष्टान्तात आकाशातून चादरीसारखे काहीतरी उतरते. तिच्यात सगळे निषिद्ध प्राणी. उठ, मारून खा, असा आवाज येतो. पेत्र नकार देतो. मी आयुष्यात कधी अशुद्ध खाल्ले नाही, म्हणतो. तीनदा हे घडते. आणि लगेच दाराशी एका परजातीय रोमन अधिकाऱ्याची माणसे येऊन उभी राहतात. प्रश्न माशांचा राहत नाही, माणसांचा होतो: कुणाच्या घरी जावे, कुणाबरोबर जेवावे. तिथून एक संदर्भ मार्कच्या सातव्या अध्यायाकडे मागे जातो, जिथे येशू म्हणतो की बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळत नाही. मत्तय १३, लेवीय ११, कृत्ये १०, मार्क ७: चार पुस्तकांतल्या चार जागा, चार आकड्यांनी बांधलेल्या. कोणत्याही टीपकाराने एक शब्दही न सांगता वाचक जाळ्यापासून पंगतीपर्यंत पोचतो. ज्या समाजात पंगतभेदावर शतकानुशतके माणसे तोडली गेली, त्या समाजातल्या वाचकाला ही वाट हाती लागणे ही लहान गोष्ट नाही.

टिपेचे काम मात्र संदर्भाने होत नाही. ‘गालीलचा समुद्र’ हे शब्द वाचून किनाऱ्यावरचा माणूस खाऱ्या पाण्याची, भरती-ओहोटीची कल्पना करतो. तो प्रत्यक्षात सुमारे एकवीस किलोमीटर लांबीचा गोड्या पाण्याचा तलाव आहे, हे कुणीतरी तळाशी सांगायला हवे. येशूने बोलावले तेव्हा पेत्र आणि अंद्रिया टाकत होते ते हाताने फेकायचे, पागासारखे जाळे होते आणि मत्तय १३ मधले रापणीसारखे ओढायचे, हा फरकही टीपच सांगू शकते. तसेच द्राक्षमळे, गव्हाची मळणी, हिवाळ्यातले बर्फ. ज्या गावात जे नाही त्याची टीप त्या गावाला लागते. लंडनमध्ये लिहिलेल्या टिपांचे मराठी भाषांतर करून हे काम भागत नाही.

पैशांचे उदाहरण घ्या. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक रुपया ठरतो, आणि धनी परदेशी जाताना चाकरांना पाच हजार, दोन हजार, एक हजार रुपये देऊन जातो. ज्या काळी हे भाषांतर रुळले त्या काळी दिवसाचा रुपया ही भरघोस मजुरी होती. आज हजार रुपये म्हणजे गवंड्याची एका दिवसाची मजुरी. वाचकाला वाटते, मालकाने चाकराच्या हातावर किरकोळ रक्कम ठेवली, आणि एवढ्यासाठी त्याने ती जमिनीत का पुरली? मूळ ग्रीकमध्ये नाणे नाही, वजन आहे: तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर एका तालांतात वीस वर्षांची कमाई बसते. सर्वांत कमी मिळालेल्या चाकराच्या हातीही अर्ध्या आयुष्याचे धन होते. त्याची भीती आणि धन्याचा राग, दोन्ही या एका आकड्याने कळतात. ती टीप एका ओळीत मावते.

चांगल्या समासाचा आणखी एक गुण म्हणजे तो अडचणी लपवत नाही. मत्तय २७ मध्ये चांदीच्या तीस नाण्यांचे भाकीत यिर्मयाच्या नावावर आहे, पण संदर्भ सरळ जखऱ्याच्या अकराव्या अध्यायाकडे नेतो, कारण ते शब्द तिथे सापडतात. मार्क २ मध्ये दाविदाने समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार मुख्य याजक होता असे म्हटले आहे. १ शमुवेल २१ उघडले तर तिथे अहीमलेख. मार्कच्या शेवटच्या बारा वचनांखाली आता बहुतेक भाषांतील नव्या आवृत्त्या टीप देतात की सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत ती नाहीत. काही भाविकांना अशा टिपांचा राग येतो. खरे तर एकनाथांनी पैठणला जे केले त्याच जातीचे हे काम आहे. ज्या ग्रंथावर श्रद्धा आहे त्याचा पाठ तपासणे हा त्या श्रद्धेचाच भाग आहे.

संदर्भ नीट चालवले तर सैतानाचीही लबाडी पकडली जाते. रानातल्या परीक्षेत येशू तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून देतो. म्हणजे चाळीस दिवसांच्या उपासात त्याच्या मनात इस्राएलाची चाळीस वर्षांची रानातली भटकंती आहे. सैतानही शास्त्रवचन म्हणतो, स्तोत्र ९१ मधले. समासातला आकडा पाहून ते स्तोत्र उघडले तर दिसते की त्याने उचललेल्या ओळींच्या लगेच पुढची ओळ सापाला आणि सिंहाला पायाखाली तुडवण्याची आहे. ती त्याने सोडून दिली.

समासाचा धोकाही आहे. १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात आर्चबिशप अशर यांनी काढलेले सनावळीचे आकडे छापले जाऊ लागले. जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४. पिढ्यान्पिढ्या लोकांनी तो आकडा शास्त्रातलाच मानला. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी जगाच्या अंताविषयीची एक विशिष्ट विचारसरणी लाखो घरांत नेली, कारण मूळ आणि टीप एकाच पानावर असली की वाचकाच्या मनात त्यांची सीमा पुसते. बायबल सोसायटीच्या जुन्या नियमामागे हेच शहाणपण होते. त्याचे टोक गाठले गेले एवढेच.

शेवटी दोन्ही बाजू मधे आल्या. कॅथलिक चर्चने टिपा असतील तर लोकभाषेतल्या बायबलला १७५७ सालीच वाट मोकळी केली होती. १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्वांना शास्त्र खुले करताना पुरेशा खुलाशांची अट कायम ठेवली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेच्या ८२५ व्या कलमातही ती आहे. १९६८ साली बायबल सोसायट्या आणि व्हॅटिकन यांनी मिळून भाषांतराची समान तत्त्वे ठरवली. पंथाचे मत सांगणारी टीप नको. पाठभेद, दुसरा संभाव्य अर्थ, नावांचा आणि चालीरीतींचा खुलासा, संदर्भ हे सगळे चालेल. दीडशे वर्षांचा वाद चार साध्या कलमांत मिटला.

पूर्ण मिटला असेही नाही. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. त्यामुळे समासही सारखे नाहीत. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात छळ सोसून पुनरुत्थानाची आशा धरणाऱ्यांचा उल्लेख येतो. सावंतवाडीच्या कॅथलिक घरातला समास तिथे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातल्या आई आणि तिच्या सात मुलग्यांची कथा दाखवील. वेंगुर्ल्याच्या मिशनच्या परंपरेतल्या घरात ते पुस्तकच नाही. अशा वेळी शेजारच्या घरातले बायबल मागून आणून पाहणे हा उत्तम उपाय आहे.

२००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत झाला आणि सावंतवाडीची मिलाग्रिस इगर्ज त्याची मुख्य इगर्ज ठरली. या किनाऱ्याला आता आपला बिशप आहे, शाळा आहेत, मराठी आणि कोकणी दोन्ही लिहिणारी माणसे आहेत. त्यांनी एक काम हाती घ्यावे: निदान चार शुभवर्तमानांसाठी, दोन्ही पंथांच्या माणसांनी एकत्र बसून, या किनाऱ्याच्या वाचकासाठी टिपा लिहाव्यात. रापण, पाग, मिठागर, खाडी, भरती यांची भाषा ज्यांना येते त्यांनीच त्या लिहाव्यात, आणि रापण ओढणाऱ्यांना आधी वाचून दाखवाव्यात. तोवर ज्याच्या घरी मराठी बायबल आहे त्याने उपशीर्षकाखालच्या कंसातले आकडे ओलांडून पुढे जाऊ नये. सुरुवात मत्तय १३:४७ पासून करावी आणि लेवीय ११ व कृत्ये १० इथे आधीच दोन कागदी खुणा घालून ठेवाव्यात.